अज्ञात प्रकाशक

वाचनालयाच्या मासिक सभेत तोंडात बटाटेवडा असताना कोणालाही कसलंही आश्वासन देऊ नये. तोंड भरलेलं असलं की माणूस नुसती मान हलवतो, आणि हललेली मान इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' होऊन बसते. आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयाला पुस्तकांच्या देवघेवीसाठी प्रोग्राम हवा होता. मी पंचवीसेक वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे "तुमच्या तर डाव्या हातचा मळ" असं खजिनदार म्हणाले. मी मान हलवली. "आठ दिवसांत होईल ना?" पुन्हा हलवली. वडा गरम होता.

काम खरंच छोटं होतं. सभासद क्रमांक टाकला की त्याच्याकडे कोणती पुस्तकं आहेत ते दिसावं. पुस्तक परत आलं की नाव कटावं. वर्गणी थकलेली असेल तर ओळ लाल व्हावी. आणि तपासणीच्या वेळी दाखल नोंदवहीची यादी छापून निघावी, कारण १९६७च्या कायद्याखाली मान्यता घेतलेलं ब वर्गाचं वाचनालय आहे. अनुदान हवं तर कागद हवेत. दोन रात्री, फार तर तीन.

घोळ यंत्रांचा होता. वाचनालयात तीन संगणक आणि त्यांचे तीन धर्म. काउंटरवर ग्रंथपाल बाईंसमोर एक जुना विंडोजवाला, २ जीबी रॅमचा, रात्री त्याच्यावर क्रोशाचं झाकण पडतं. कार्यवाह सरांकडे मॅकबुक. मुलाने न्यू जर्सीहून पाठवलेलं, सर ते पैठणीसारखं मलमलीच्या फडक्यात गुंडाळून आणतात. आणि वाचनकक्षाच्या कोपऱ्यात एक मेलेला संगणक, ज्यात एका विश्वस्ताच्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत लिनक्स घालून धुगधुगी आणली होती. प्रोग्राम तिन्हींवर चालला पाहिजे, असा ठराव झाला. सूचक खजिनदार, अनुमोदक तोच विश्वस्त.

"मामा, सरळ वेबसाइट कर की," भाचा म्हणाला. तो सध्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला सगळं येतं. मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "आठवड्यातले दोन दिवस नेट नसतं. त्या दिवशी वाचकांना काय सांगू, कादंबरी कपाटात आहे पण वाऱ्यामुळे देता येत नाही?" वेबसाइट तिथेच संपली.

तेव्हा एकच प्रोग्राम तीन जातींच्या संगणकांवर चालवायचा, तर मध्ये एक दुभाषा लागतो. आमच्या धंद्यात त्याला फ्रेमवर्क म्हणतात. 'खिडकी उघड' असं आपण त्याला एकदा सांगायचं, आणि त्याने ते विंडोजला विंडोजच्या भाषेत, मॅकला मॅकच्या आणि लिनक्सला लिनक्सच्या भाषेत सांगायचं. एवढंच. आता या एवढंच्या पायी माझे अडीच महिने गेले.

पहिला आला इलेक्ट्रॉन. भाच्याचीच शिफारस. गिटहबवाल्यांनी ॲटम नावाच्या आपल्या एडिटरसाठी २०१३ साली जो पोटातला सांगाडा बांधायला घेतला, तो हा. त्याची युक्ती अशी की दुभाषा वगैरे भानगडच नको. प्रोग्राम वेबपानासारखा लिहायचा आणि ते पान दाखवायला अख्खा क्रोमियम ब्राउझर आणि शिवाय नोड-जेएस पेटीत घालून बरोबर पाठवायचा. म्हणजे पाहुण्याला एक कप चहा पाजायचा म्हणून अमृततुल्यच दारात आणून ठेवायचं: शेगडी, सिलिंडर, पातेली, आलं कुटणारा पोऱ्या, गल्ल्यावरचा मालक, सगळं. चहा उत्तम होतो, आणि प्रत्येक घरी अगदी सारखा होतो, हे मान्यच करायला हवं. पण दुसऱ्या पाहुण्याला कॉफी हवी असेल तर दुसरं अमृततुल्य येतं. स्लॅक एक, डिस्कॉर्ड दुसरं, व्हीएस कोड तिसरं. मी प्रयोग म्हणून एक रिकामी खिडकी बनवली, आत फक्त 'नमस्कार' हा शब्द. बांधून झालेलं गाठोडं शंभर एमबीच्या वर गेलं. एवढा जड नमस्कार मी आजवर फक्त निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात स्वीकारला आहे.

गंमत म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं उभारलं, तो ॲटम डिसेंबर २०२२मध्ये बंद केला. लग्न मोडलं, पण मांडवात अजून अख्खं गाव जेवतंय.

मग ऑफिसातल्या एका तरण्याताठ्या सहकाऱ्याने टाउरीचं नाव काढलं. हा काटकसरी घरातला. २०२२च्या जूनमध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. हा स्वतःचा ब्राउझर आणत नाही. तुमच्या घरात जे पातेलं असेल त्यातच चहा करतो. त्यामुळे गाठोडं काही एमबीत आटोपतं. पण घरोघरची पातेली वेगळी: विंडोजवर वेबव्ह्यू-टू, मॅकवर वेबकिट, लिनक्सवर त्याच वेबकिटचा जीटीकेवाला चुलतभाऊ. त्यामुळे एका ठिकाणी साखर वर येते, दुसरीकडे साय. विंडोजवर नीट बसलेला तक्ता लिनक्सवर एक रेघ खाली घसरला, आणि ती एक रेघ वर न्यायला माझा एक रविवार गेला.

शिवाय टाउरीच्या मागच्या खोलीत रस्ट भाषा बसलेली असते. ती शिकताना चांगल्या-चांगल्यांचं नाक घासलं जातं. तिचा नियम असा: कुठल्याही वस्तूचा मालक एका वेळी एकच. बाकीच्यांनी ती उसनी घ्यायची. नुसती पाहायला कितीही जणांनी उसनी घ्यावी, पण कोणाला तीत फेरफार करायचा असेल तर त्या वेळी तो एकटाच, बाकी कोणी हात लावायचा नाही. नियम मोडला तर प्रोग्राम तयारच होत नाही. मी एका शनिवारी काउंटरपाशी बसून कपाळाला हात लावला होता, तेव्हा बाईंनी विचारलं, "काय अडलं?" मी आपलं सांगितलं. माणूस डॉक्टर नसलेल्यालाही दुखणं सांगतो, तसं. बाईंनी चष्मा वर केला.

"मग यात अवघड काय आहे? वाचनकक्षात टेबलावर ठेवलेला अंक दहा जणांनी मिळून वाचावा, आपली ना नाही. पण कोणाला त्यातलं शब्दकोडं पेनाने सोडवायचं असेल तर एकट्याने घ्यायचा, तेवढा वेळ दुसऱ्याला मिळणार नाही. तीस वर्षं मी हेच करते आहे."

मी जे पुस्तक तीन आठवडे वाचत होतो त्याची पहिली पाच प्रकरणं बाईंनी शब्दकोड्यात आटोपली. मला तर वाटतं, रस्टचे वर्ग ग्रंथपालांना घ्यायला लावावेत. दंडही तेच आकारतील.

यानंतर मी जुन्या घराण्यांकडे वळलो. क्यूटी हे त्यातलं सगळ्यांत खानदानी. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम गावात १९९०च्या उन्हाळ्यात हावर्ड नॉर्ड आणि आयरिक चांबे-एंग हे दोघे बाकावर बसले होते, आणि एकच प्रोग्राम सगळीकडे चालला पाहिजे, असा विचार तिथे निघाला. नावातला 'क्यू' का? तर नॉर्डच्या एडिटरमधल्या फॉण्टात ते अक्षर देखणं दिसायचं. मला हे कारण फार आवडलं. आपल्याकडे मुलाचं नाव ठेवताना याहून जास्त विचार होतो असं नाही. पहिली आवृत्ती १९९५ची. पुढे हा वाडा २००८मध्ये नोकियाने घेतला, २०१२मध्ये डिजियाकडे गेला, नंतर स्वतंत्र कंपनी झाली. मालक बदलत गेले, भाडेकरू तेच. विंडोज-लिनक्सवर व्हीएलसीमध्ये आपण सिनेमा पाहतो त्या खिडक्या याच घराण्यातल्या.

क्यूटीची अडचण तांत्रिक नाही, ती भाडेकरारात आहे. एक पैसे देऊन घ्यायचा परवाना, एक फुकटचा पण अटींचा. सुरुवातीच्या काळात तर या परवान्यावरून लिनक्सवाल्यांत सरळ भाऊबंदकी झाली. १९९६मध्ये क्यूटीवर केडीई नावाचा लिनक्सचा डेस्कटॉप उभा राहू लागला, आणि परवाना पुरेसा मोकळा नाही म्हणून १९९७मध्ये दुसऱ्यांनी जीनोम नावाची वेगळी चूल मांडली. परवाना पुढे मोकळा झाला. चुली अजून वेगळ्याच आहेत. एकदा वाटण्या झाल्या की कोण एकत्र येतंय.

जावाला मी जुन्या ओळखीखातर भेटून आलो. १९९५मध्ये सन कंपनीवाल्यांनी 'एकदा लिहा, कुठेही चालवा' असं सांगितलं होतं आणि आमची अख्खी पिढी त्या एका वाक्यावर नोकरीला लागली. पुढे खिडक्या-बटणांसाठी जावाचं स्विंग आलं, आणि ते खरोखरच कुठेही चाललं. फक्त कुठेच घरचं वाटलं नाही. विंडोजवर ते परगावचं दिसायचं, मॅकवर परदेशचं. लग्नघरात एक गृहस्थ असतात पाहा, वराकडच्यांना वाटतं वधूकडचे, वधूकडच्यांना वाटतं वराकडचे, आणि ते शांतपणे तिसरी जिलबी घेत असतात.

फ्लटर नावाच्या फ्रेमवर्कची तऱ्हा याच्याही पुढची. तो यंत्राकडून बटणसुद्धा मागत नाही. सगळं स्वतः रंगवतो. फिरती नाटक मंडळी कशी स्वतःचे पडदे, स्वतःची कनात घेऊन गावात उतरायची, तसं. मोबाइलवर त्याचं बस्तान आधीच बसलं होतं. डेस्कटॉपवर तिन्ही गावं २०२२मध्ये पक्की झाली. मायक्रोसॉफ्टच्या मावीचा विचार मी ठरावामुळे सोडला. तो लिनक्सच्या गावाला जातच नाही, आणि अनुमोदकांचा मुलगा दिवाळीला येणार होता.

स्वतःचं स्वतः रंगवणाऱ्यांची दोन दुखणी मला जवळून पाहायला मिळाली. पहिलं सरांच्या मॅकवर. विंडोजवर 'ठीक' हे बटण डावीकडे आणि 'रद्द' उजवीकडे; मॅकवर बरोबर उलट, हो म्हणायचं बटण उजव्या टोकाला. माझी प्रयोगाची खिडकी विंडोजच्या रीतीने रंगली होती. सरांनी एक दुपारभर बसून चाळीस सभासद भरले आणि सवयीने दर वेळी उजवीकडचं बटण दाबत चाळीसच्या चाळीस रद्द केले. मी म्हणालो, "सर, बटणावर चांगलं मराठीत 'रद्द' लिहिलंय की." सर मराठीचे निवृत्त शिक्षक. शांतपणे म्हणाले, "बटण वाचतं कोण?"

दुसरं दुखणं मराठीचंच. एक अगदी हलकंफुलकं टूलकिट मला फार आवडलं होतं. चपळ, सडपातळ, खिडकी डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडायची. त्यात मी वर्गवारीचा रकाना टाकला आणि 'विद्यार्थी' लिहिलं. त्याने व काढला, मग वेलांटी व च्या पुढे काढली, मग द, त्याला लोंबणारा पाय, मग य, काना, र, पुन्हा पाय, थी. बरोबर ज्या क्रमाने संगणकाच्या पोटात साठवलेलं असतं त्या क्रमाने, सुटं-सुटं, वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. इंग्रजीत अक्षरं एकापुढे एक मांडली की शब्द होतो. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येते आणि कागदावर अक्षराच्या आधी बसते, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, जोडाक्षरं एकमेकांत शिरतात. हा बसवण्याचा उद्योग करायला वेगळा कारागीर लागतो. हार्फबझ नावाचा एक फार चांगला आहे, बरेच ब्राउझरवाले तोच बसवतात. या सडपातळ मंडळींनी वजन कमी करताना पहिला कारागीरच कमी केलेला असतो. बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "हा विद्यार्थी नापास दिसतो."

त्या दिवसापासून माझी परीक्षा ठरली. कोणी कितीही चपळ फ्रेमवर्क घेऊन आलं तरी आधी 'विद्यार्थी' लिहून दाखव, मग 'ऱ्हास', आणि मग पुढचं बोलू. ज्यांना मराठीत प्रोग्राम करायचाय त्यांनी ही परीक्षा पहिल्याच दिवशी घ्यावी. मी ती सातव्या आठवड्यात घेतली.

एव्हाना माझ्याकडे एक तक्ता तयार झाला होता. चौदा रकाने: वजन, वेग, परवाना, दिसणं, मराठी, असं काय-काय. तक्ता इतका सुरेख झाला की ऑफिसातल्या दोघांनी मागून नेला. प्रोग्रामची मात्र एकही ओळ लिहिलेली नव्हती. आणि तक्त्यात एक गोष्ट उघड दिसत होती. त्रास प्रत्येकाच्या घरात होताच. कोणी माळ्यावर ठेवला होता, कोणी पलंगाखाली, कोणी शेजाऱ्याकडे. शेवटी मी क्यूटी नक्की केलं, पायथनबरोबर. चार संध्याकाळी बसून निम्मं काम उरकलं, पेन ड्राइव्हमध्ये घातलं आणि विजयी मुद्रेने काउंटरवर गेलो.

चालला नाही.

अडीच महिन्यांत मी काउंटरवरच्या त्या संगणकाचं झाकण काढून त्याची जात विचारली नव्हती. तो विंडोज ७ होता. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी ज्याची जबाबदारी सोडली, तो. घरी येऊन तक्त्यात पंधरावा रकाना काढला. क्यूटीची सहावी पिढी विंडोज १०च्या खाली उतरत नाही. पायथनने ३.९पासून विंडोज ७शी बोलणं टाकलंय. इलेक्ट्रॉनने २३व्या आवृत्तीपासून. रस्टनेही २०२४मध्ये तेच केलं, म्हणजे टाउरी गेला. फ्लटर तर दारातच उभा करत नाही. चौदा रकान्यांत ज्यांचं कशातही एकमत नव्हतं, ती सगळी मंडळी पंधराव्या रकान्यात एकदिलाने नाही म्हणाली.

"नवा संगणक घ्या," मी सभेत सुचवलं. खजिनदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वडा खाली ठेवला.

त्या रात्री झोप लागेना म्हणून जुनं कपाट लावत बसलो, तर कॉलेजची पास्कलची वही हाती आली. पास्कल आम्हाला दुसऱ्या वर्षाला होती. नंतर ती मोडीसारखी झाली, येते असं सांगायची चोरी. पण तिच्यावर उभं राहिलेलं लाझारस नावाचं एक प्रकरण आहे. मेगिडो म्हणून आधीचा एक प्रकल्प बारगळला, त्यातल्या मंडळींनी १९९९मध्ये हे सुरू केलं आणि बायबलमधल्या, मेल्यावर उठून बसलेल्या माणसाचं नाव दिलं. १.०ची आवृत्ती काढायला त्यांना २०१२ साल उजाडलं, तेरा वर्षं. माझे अडीच महिने एकदम मला सोज्वळ वाटायला लागले. लाझारस विंडोजवर विंडोजचीच बटणं मागून घेतो, मॅकवर मॅकची, लिनक्सवर तिथली. त्यामुळे मराठी जशी त्या यंत्राला येते तशी येते, आणि 'ठीक-रद्द'ची पट्टीही तो यजमानाच्या रीतीने मांडतो. आणि विंडोज ७? त्याला काही वाटलंच नाही. म्हाताऱ्याची म्हाताऱ्याशी ओळख असतेच.

तीन रात्रींत प्रोग्राम झाला. म्हणजे मूळ अंदाज बरोबरच होता.

सरांच्या मॅकने मात्र शेवटचा डाव टाकला. ॲपलच्या मते अनोळखी माणसाचा प्रोग्राम सहजासहजी उघडू नये. ओळख हवी तर वर्षाला ९९ डॉलर भरून नोंदणी करायची, प्रोग्राम त्यांच्याकडे तपासायला पाठवायचा, मग शिक्का. विषय सभेत गेला. खजिनदारांनी विचारलं, "आपल्याच प्रोग्रामला आपल्याच मॅकवर यायला वर्षाला ९९ डॉलर वर्गणी? आपण सभासदाकडून किती घेतो?" ठराव फेटाळला गेला. मी सरांच्या घरी जाऊन सेटिंगमध्ये 'तरीही उघडा' असं सांगून आलो, वहिनींनी पोहे केले होते, ९९ डॉलर वाचले.

काउंटरवर प्रोग्राम बसवताना बाई शेजारी उभ्या होत्या. विंडोजने पिवळ्या पट्टीची खिडकी काढली. प्रकाशक: अज्ञात. पुढे चालू ठेवायचं का?

"थांबा," बाई म्हणाल्या. "प्रकाशकाचं नाव नसलेलं मी दाखल करून घेत नाही."

मी त्यांना म्हटलं, प्रकाशक मीच आहे. त्यांनी दाखल नोंदवही काढली, पुढचा क्रमांक घातला, प्रकाशकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, किमतीच्या रकान्यात 'भेट' असं लिहिलं, माझी सही घेतली, आणि मग 'होय' दाबलं.

याला दीड वर्ष झालं. लिनक्सवाला संगणक पहिल्याच पावसाळ्यात गेला, या वेळी कायमचा. सर मुलाकडे न्यू जर्सीला गेले, मॅकबुक फडक्यात गुंडाळून बरोबर नेलं. तिन्ही यंत्रांवर चालणारा आमचा प्रोग्राम आता काउंटरवरच्या एकाच विंडोज ७वर रोज सकाळी साडेनऊला, झाकण काढलं की, सुरू होतो. तरी बाई रजिस्टरही लिहितात.